फलकावरचे दुसरे नाव

डिसेंबर उजाडला की गोव्यात शाळांच्या स्नेहसंमेलनांचा मोसम सुरू होतो. मांडव उभे राहतात, लाऊडस्पीकर घसा साफ करतात, पाहुण्यांच्या खुर्च्यांवर टर्किश टॉवेल पडतात. या सोहळ्यात अर्धा तास 'गुणगौरव' नावाचा असतो. आधी बोर्डाच्या परीक्षेत चमकलेले, मग चित्रकला, वक्तृत्व, भजन, आणि वेळ उरलाच तर शेवटी खेळाडू. राज्य पातळीवर लांब उडीत पदक मिळवून आलेली आठवीतली मुलगी मंचावर येते, आमदारसाहेबांच्या हातून प्रमाणपत्र घेते, फोटोसाठी क्षणभर थांबते आणि खाली उतरते. तिला रोज पहाटे मैदानावर बोलावणारे पीटीचे सर त्या वेळी कुठे असतात? बहुतेक वेळा मांडवाच्या मागे! पोरांच्या रांगा लावायचे काम त्यांच्याकडेच असते ना.

माझा या सत्कारांना विरोध नाही. उलट ते अधिक व्हावेत, अधिक नेटके व्हावेत आणि वेळेवर व्हावेत असे मला मनापासून वाटते. माझे म्हणणे एवढेच, की लहान गावच्या हायस्कुलातून निघालेल्या खेळाडूचा खरा गौरव सरकार करू शकत नाही, आमदार करू शकत नाही, वर्तमानपत्रही करू शकत नाही. तो त्या शाळेनेच करायचा असतो. आणि तो करताना खेळाडूच्या नावाशेजारी त्याला घडवणाऱ्या शिक्षकाचे नाव नसेल, तर तो गौरव अर्धाच राहतो.

वरून येणारे सन्मान किती उशिरा येतात याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारच्या मुलखातले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे अंगाला माती लहानपणीच लागलेली. १९४० ते १९४७ ही वर्षे खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी ही त्यांच्या वस्तादांची नावे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. तोवरची सगळी कुस्ती मातीतली, आणि तिथे मात्र गादीवर लढायचे होते! तरीही सहावे.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशांची वानवा होती. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ सालचे ७,००० रुपये! हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात फ्रीस्टाइल कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. ते लिअँडर पेसने आणले, ज्याचे वडील मूळचे आपल्या गोव्याचे. मधली ४४ वर्षे खाशाबा या यादीत एकटेच होते.

ते परत आले तेव्हा कऱ्हाड स्टेशनापासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गावाने आपले काम चोख केले. खाशाबांनीही आपले काम केले. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. गुरूच्या ऋणातून मुक्त होता येत नाही असे आपण भाषणांत म्हणतो. या पैलवानाने निदान गहाणखतातून तरी गुरूला मुक्त केले.

आणि सरकारने काय केले? १९५५ साली त्यांना पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टरची नोकरी मिळाली. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले, तोवर तो त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. म्हणजे पदकानंतर ४८ वर्षांनी आणि मृत्यूनंतर १६ वर्षांनी. पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव मिळाले. २०२३ सालच्या त्यांच्या जन्मदिनी गूगलनेही आपल्या पानावर त्यांचे चित्र लावले. सगळे झाले, फक्त ज्याच्यासाठी झाले तो माणूस पाहायला नव्हता.

खेळाडूची ही कथा, तर शिकवणाऱ्याची काय असेल? पी. टी. उषा आणि तिचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांच्याकडे पाहा. केरळातल्या पय्योळीची ही मुलगी कण्णूरच्या क्रीडा शाळेत आली आणि तिथे नंबियारांनी तिला हेरले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, हे तर सगळ्या देशाला पाठ आहे. १९८५ साली उषाला पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच यादीत नंबियारांचे नाव होते, हे मान्य. पण पद्मश्री? ती त्यांना २०२१ साली जाहीर झाली. शिष्या आणि गुरू यांच्या पद्मश्रीत ३६ वर्षांचे अंतर. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नंबियार वारले.

आमच्या गोव्यातही फार वेगळे घडत नाही. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर म्हणजे भारताच्या फुटबॉल संघाचे कर्णधार आणि देशाच्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ साली आणि पद्मश्री २०२२ साली. जो माणूस ऐंशीच्या दशकात देशासाठी गोल अडवीत होता, त्याला देशाची पोचपावती मिळायला इतकी वर्षे लागली. दिल्लीच्या याद्या अशाच चालतात. तिथे अर्ज लागतात, शिफारशी लागतात, फायली लागतात. म्हणूनच त्यांच्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

शाळेला मात्र अर्ज नको की शिफारस नको. मुलगा कोण, कुठल्या वर्षी किती लांब उडी मारली, त्याला कोणी शिकवले हे शाळेला ठाऊकच असते. फक्त ते लिहून ठेवायचे असते. तेवढेच आपण करीत नाही.

नावे लिहिण्याची कला आपल्याला येत नाही असे म्हणावे तर तसेही नाही! आमच्या कुठल्याही देवळात जा. अग्रशाळेच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी यादी असते, पायरीवर नाव असते, घंटेवर असते, इतकेच कशाला, पंख्याच्या पात्यावरही कोणाच्या तरी स्मरणार्थ अक्षरे फिरत असतात. गावच्या जत्रेतल्या नाटकात तीस वर्षांपूर्वी संभाजी कोणी रंगवला होता, हे म्हातारी माणसे आजही सांगतात. त्याच गावच्या हायस्कुलाला राज्य पातळीवर कबड्डीची ढाल मिळवून देणारी सात मुले कोण होती असे विचारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटावर असते. तिच्यावर शाळेचे नाव असते, स्पर्धेचे नाव असते, पुरस्कर्त्या दुकानाचेही नाव असते. खेळणाऱ्यांची नावे नसतात.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मायलन नावाचे एक चिमुकले गाव आहे. १९५४ साली तिथल्या हायस्कुलात सारे १६१ विद्यार्थी होते. त्या राज्यात तेव्हा लहान-मोठ्या सगळ्या शाळा एकाच बास्केटबॉल स्पर्धेत खेळत. अंतिम सामन्यात मायलनसमोर होती मन्सी सेंट्रल ही शहरातली बलाढ्य शाळा. अगदी शेवटच्या क्षणी बॉबी प्लम्प या मुलाने चेंडू टोपलीत टाकला आणि मायलन ३२-३० ने जिंकले. प्रशिक्षक होते मार्विन वुड. पुढे १९८६ साली याच घटनेवरून 'हूजियर्स' हा चित्रपट निघाला. पण मला त्या चित्रपटापेक्षा त्या गावाचे जास्त कौतुक वाटते. विजेतेपदाची आठवण त्यांनी पाण्याच्या टाकीवर रंगवून ठेवली, त्या संघाचे संग्रहालय उभे केले. आणि त्या संघाची गोष्ट सांगताना प्लम्पच्या जोडीने मार्विन वुडचे नाव येतेच. तिकडच्या कितीतरी हायस्कुलांत अशी रीत आहे, की दरवर्षी माजी खेळाडू आणि माजी प्रशिक्षक यांतून काहींची निवड करायची आणि त्यांची नावे शाळेच्या भिंतीवर कायमची लावायची. निवडलेला माणूस राष्ट्रीय खेळाडू असलाच पाहिजे अशी अट नसते. त्याने शाळेसाठी काय केले हे पाहतात.

कोणी म्हणेल, अमेरिकेचे सोडा हो, तिथे पैसा आहे. ठीक. मग केरळातल्या कोट्टयम जिल्ह्यातले कोरुत्तोड घ्या. डोंगरातले गाव. तिथल्या सी. के. एम. शाळेत के. पी. थॉमस हे पीटीचे मास्तर होते. त्यांनी त्या आडगावच्या शाळेतून धावपटू आणि उडीपटू अशा तऱ्हेने घडवले, की केरळच्या शालेय स्पर्धांत वर्षानुवर्षे त्या शाळेचाच दरारा राहिला. २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत लांब उडीचे कांस्यपदक मिळवणारी अंजू बॉबी जॉर्ज त्यांच्याच हाताखालची. २०१३ साली थॉमस मास्तरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. एका हायस्कुलाच्या पीटी मास्तराला! हे घडले याचे एक कारण मला असे दिसते, की केरळात शालेय क्रीडास्पर्धेची बातमी वर्तमानपत्रांत ठळक येते आणि त्या बातमीत मुलीच्या नावासोबत शाळेचे आणि मास्तरांचेही नाव येते. लोकांना ते नाव माहीत होते म्हणून सरकारलाही माहीत झाले. आधी गाव, मग राज्य, मग दिल्ली हा क्रम आहे. आपण उलट बाजूने वाट पाहत बसतो.

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. मास्तरांना पगार मिळतो, ते आपले काम करतात, त्यात गौरव कसला? वेळापत्रकात पीटीचे तास किती असतात ते आधी पाहा. परीक्षा जवळ आली की त्यांतलेही गणिताला जातात. उडीतले पदक त्या तासांत तयार होत नाही. ते शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यानंतर तयार होते, रविवारी होते, मे महिन्याच्या सुट्टीत होते. त्या वेळेचा पगार कोणी देत नाही. मुलांना तालुक्याच्या ठिकाणी न्यायचे तर बसचे भाडे, वाटेतले भजी-पाव, तुटलेल्या चपलेची डागडुजी हे सगळे खिशातून करणारे मास्तर मी पाहिले आहेत. मुलीला स्पर्धेला बाहेरगावी पाठवायला तयार नसलेल्या आईबापांच्या घरी तीन-तीन खेपा घालणारेही पाहिले आहेत. हे काम कुठल्या सेवापुस्तकात लिहिले जाते?

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे. लहान मुलांचे फार कौतुक केले तर ती बिघडतात, असे म्हणतात. यात तथ्य आहे. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने आंतरशालेय सामन्यात नाबाद १,००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा मुलगा, के. सी. गांधी शाळेचा विद्यार्थी. देशभर गाजावाजा झाला, कॅमेरे आले, मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. दीडेक वर्षात त्याचा खेळ खालावला आणि ती शिष्यवृत्ती थांबवा असे त्याच्या वडिलांनीच कळवले. मला त्या बापाच्या सचोटीपुढे हात जोडावेसे वाटतात. पण पंधरा वर्षांच्या पोरावर एवढे ओझे टाकले कोणी? आपणच! सत्कारालाही मात्रा असते. औषधासारखी. एका दिवसात सगळी बाटली पाजायची नसते. भिंतीवरचा फलक ही मात्रा बरोबर सांभाळतो. तो ओरडत नाही, अपेक्षा ठेवत नाही, पुढच्या सामन्यात शून्यावर बाद झालात तरी तुमचे नाव पुसत नाही. जे केले ते केले, एवढेच तो सांगतो.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त पीटी सर आहेत. आमच्याच तालुक्यातले. शाळेचे नाव सांगत नाही, ते अनेक शाळांचे असू शकेल. त्यांच्या घरी एकावर एक रचलेल्या वह्या आहेत. प्रत्येक वर्षाची एक. कोणी शंभर मीटर किती सेकंदांत धावले, कोणाची उडी जूनमध्ये किती होती आणि नोव्हेंबरमध्ये किती झाली, कोणाचा पाय मुरगळला, कोणाच्या घरी नाश्ता होत नाही म्हणून त्याला आधी चहा-पाव द्यायचा, असे सगळे त्यांत आहे. शाळेच्या दप्तरात यांतले काही नाही. एकदा मी त्यांना म्हटले, "सर, यंदा माजी विद्यार्थ्यांनी तुमचा सत्कार करायचे ठरवले आहे." ते हसले. म्हणाले, "बाबा, शाली माझ्याकडे सात आहेत. गोव्याच्या उकाड्यात त्यांचे मी काय करू? त्या पैशांची वाळू आणा. उडीच्या खड्ड्यात वाळू उरलेली नाही. पोरे दगडांवर पडतात."

२०२३ साली ३७ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यात झाल्या. मोठी मैदाने सजली, रोषणाई झाली, देशभरचे खेळाडू आले. मला त्याचा अभिमान आहे. पण या राज्यातला पुढचा उडीपटू ज्या खड्ड्यात पहिली उडी मारणार आहे, त्या खड्ड्यात वाळू घालणे हे त्या रोषणाईइतकेच महत्त्वाचे आहे, हे सांगायला एका निवृत्त मास्तरांची गरज पडावी ना?

म्हणून मला सुचते ते असे. प्रत्येक हायस्कुलाने दर्शनी भिंतीवर एक साधा लाकडी फलक लावावा. वर्ष, खेळाडूचे नाव, खेळ, कामगिरी आणि शेजारच्या रकान्यात शिकवणाऱ्याचे नाव. राज्य पातळीचे पदक हवेच असा हट्ट नको. शाळेचा स्वतःचा विक्रम मोडला तरी नाव लागावे. म्हणजे सातवीतल्या पोराला समोर एक आकडा दिसेल, आणि तो आकडा आपल्याच वाड्यावरच्या कोणाचा तरी असेल. सांघिक खेळात सगळ्यांची नावे यावीत, राखीव खेळाडूंचीसुद्धा. निवड कोणी करायची? शिक्षक, पालक-शिक्षक संघ आणि माजी विद्यार्थी यांनी मिळून. पंच, सरपंच आणि आमदार यांनी टाळ्या वाजवायला जरूर यावे. आणि वर्षातून एक दिवस असा असावा, की त्या दिवशी हार-तुऱ्यांचा खर्च वाळू, चुना, दोरी, चेंडू यांच्यावर व्हावा. या सगळ्याला फार मोठा निधी लागत नाही. एका स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा खर्च काढून पाहा.

हे आताच करायला हवे, याला एक कारण आहे. गोव्यात गेल्या काही वर्षांत पटसंख्येअभावी कितीतरी सरकारी मराठी प्राथमिक शाळा बंद झाल्या, काही दुसरीकडे जोडल्या गेल्या. हायस्कुलांवर ती पाळी येणारच नाही असे छातीठोकपणे कोण सांगेल? शाळा बंद झाली की बाके दुसऱ्या शाळेला जातात आणि कपाटावरच्या ढाली भंगारवाल्याकडे. मुले मात्र पणजीत, मुंबईत, आखातात पांगलेली असतात. तुम्ही कुठल्या शाळेचे, असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे एक पान तरी मागे उरायला हवे.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेचजण अशाच एखाद्या हायस्कुलातून बाहेर पडलेले असतील. आपल्या वेळच्या संघात कोण कोण होते हे आठवून पाहा. तीन-चार नावे आठवतील, पुढची अडखळतील. ती सगळी ज्यांना पाठ आहेत ते सर आज सत्तरीच्या पुढे असतील. त्यांच्याकडे जा, सोबत एक कोरी वही न्या आणि ते सांगतील ती नावे उतरवून घ्या. सुताराला फलकाचे सांगणे त्यानंतरचे काम आहे. पावसाळा संपायची वाट पाहू नका.